किल्ली मुखेडला गेली होती

कल्याणे सर कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी कपाटं ओढून बघायचे. लपूनछपून नाही, सगळ्यांदेखत. हॉलमधलं शोकेस, स्वयंपाकघरातलं फडताळ, आतल्या खोलीचं दार उघडं असलं तर तिथलं लोखंडी कपाटसुद्धा. हँडल धरायचं, ओढायचं, उघडलं की पुन्हा नीट लावायचं आणि पुढच्याकडं वळायचं. आत काय आहे तिकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. एखादं उघडलं नाही की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा आणि ते विचारायचे, "याची किल्ली कुणाकडं असते?"

आमच्या लातूरच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी मला आत ओढून विचारलं, "धाड पडली काय गं आपल्यावर?" मी म्हटलं, "नाही हो आई, डॉक्टर आहेत. नांदेडला मेडिकल कॉलेजात शिकवतात." "मग तर लईच वाईट झालं," असं म्हणून त्यांनी बशीतला अर्धा चिवडा परत डब्यात टाकला.

हसण्यासारखंच होतं ते. ऑफिसात तर सर येणार म्हटलं की लोक मुद्दाम कपाटाला कुलूप लावून मजा बघायचे. मला त्या लोकांचा भयंकर राग यायचा. कारण कपाट ओढणारा हा माणूस मूळचा असा नव्हता, आणि तो असा कधी झाला हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सर मूळचे उदगीरचे. वडिलांची मोंढ्यात धान्याची अडत. कपाळावर विभूती, शर्टाच्या आत गळ्यात लिंग, आणि कितीही मोठी बैठक असली तरी पायात कॅनव्हासचे बूट. डॉक्टर असून त्यांनी कधी दवाखाना घातला नाही. माणूस आजारी कशानं पडतो आणि औषधापर्यंत का पोचत नाही, हे गावोगाव फिरून शोधायचं आणि ते सरकारच्या गळी उतरवायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या भाषेत ही वडिलोपार्जित अडतच होती. "अप्पा पोत्यात सळई खुपसून दाणा काढायचे," ते म्हणायचे. "मी गावात खुपसतो. अप्पा सांगायचे, पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात. तळाचा दाणा बघ."

मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात प्रसिद्धीचं काम बघायचे. पोस्टर काढायची, भिंतीवर घोषणा रंगवून घ्यायच्या, मेळाव्यात माइक धरायचा. आमची पहिली भेट जळकोटच्या बाजूला डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. त्या केंद्राचं नाव सांगत नाही, तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. केंद्राच्या भिंतीवर माझं पोस्टर होतं. त्यावर मोठा फणा काढलेला नाग आणि खाली लाल अक्षरात, 'साप चावल्यास देवळात जाऊ नका, दवाखान्यात या.' मला त्या नागाचा बराच अभिमान होता.

सर पोस्टरपुढं मान वाकडी करून उभे राहिले. "मॅडम, चित्र झकास आहे. पण हे लावलंय कुठं?"

"दवाखान्यात," मी म्हटलं.

"म्हणजे जो देवळात न जाता इथं आलाय, त्याला तुम्ही सांगून राहिलात की बाबा देवळात जाऊ नको."

मला इतका राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. संध्याकाळी परतताना जीपमध्ये हसू फुटलं ते थांबेना. आमची दोस्ती तिथं झाली.

साप हा आमच्याकडं चेष्टेचा विषय नाही. सोयाबीन कमरेला लागलं की बाया खुरपायला वाकतात आणि पाल्यात काय बसलंय ते दिसत नाही. चावला की माणसाला आधी मारुतीच्या देवळात नेतात. पारावर बसवून कडुलिंबाचा पाला चावायला देतात. पाला कडू लागला तर विष चढलेलं नाही, कडू लागला नाही तर चढलं, अशी समजूत. साहजिकच आमच्या खात्याचं ठाम मत होतं की माणसं मरतात ती अंधश्रद्धेनं. मोठ्या साहेबांनी सरांना बोलावलं ते याच मतावर शिक्का मारून घ्यायला. साहेब म्हणाले, "अंधश्रद्धेचा एक चांगला सर्व्हे करून द्या."

सरांनी नेहमीचा प्रश्न टाकला. कुणीही अभ्यास मागितला की ते हाच प्रश्न विचारायचे. "साहेब, दोष देवळाचा निघाला तर तुम्ही काय कराल?"

"प्रबोधन करू. पोस्टर आणखी लावू."

"आणि देवळाचा नाही निघाला तर?"

"तरी प्रबोधन करूच की."

"मग कशाला मोजायचं? दोन्ही उत्तरांवर एकच करणार असाल तर मोजमाप म्हणजे नुसती हमाली." एवढं बोलून सर हसले आणि चहाचा कप पुढं ओढला. साहेबांना राग यायला हवा होता, पण सरांच्या बोलण्यात मोंढ्यातल्या सौद्याची चव असायची, समोरचा चिडायच्या ऐवजी घासाघीस करायला लागायचा. शेवटी ठरलं ते असं, की दोष दुसरीकडं निघाला तर तिथं दुरुस्ती करायची. असा शब्द आधी घेतल्याशिवाय सर गावात पाऊल टाकायचे नाहीत.

मग दोन पावसाळे ते जळकोट, कंधार, मुखेडच्या पट्ट्यात फिरले. कधी कधी मी बरोबर असायचे. सर पारावर मांडी घालून बसायचे, पुजाऱ्याशी पीकपाण्याचं बोलायचे, स्वतः लिंबाचा पाला तोडून चावायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "हाव, मी अजून जिवंत हाय." लोक हसायचे आणि बोलते व्हायचे. ज्या घरात माणूस गेला तिथं मात्र ते बूट काढून घरच्यांशेजारी जमिनीवर बसायचे. मग विचारायचे, कुठल्या रस्त्यानं नेलं, गाडी कुणाची मिळाली, डॉक्टर काय म्हणाले.

निघालं ते असं. देवळात लोक थांबत होते, पण फार नाही. पाला चावला, नारळ ठेवला की निघत होते. वेळ जात होता तो पुढं. आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस नव्हती. म्हणून तिथले डॉक्टर उदगीरला पाठवायचे, उदगीरहून लातूर नाही तर नांदेड. माणूस मरत होता तो देवळात नाही, सरकारी रस्त्यावर.

लस केंद्रात का नव्हती, याचंही उत्तर सरांनी काढलं. एक तर लस पडून राहिली आणि मुदत संपली की ऑडिटवाले खुलासा मागायचे. दुसरं म्हणजे डॉक्टरांची भीती. त्या डोंगरातल्या केंद्राचा तरुण डॉक्टर सरांना म्हणाला होता, "सर, लस दिल्यावर एखाद्याला रिअ‍ॅक्शन येते. बाहेर शंभर माणूस उभं असतंय. पेशंट दगावला तर मला जिता सोडतील का? पुढं पाठवलं की माझी जिम्मेदारी संपली." सर त्याला रागावले नाहीत. परत येताना म्हणाले, "भित्रा नाही तो. एकटा आहे."

सगळा अभ्यास त्यांनी एका पानावर आणला. पानाला पाठची बाजू नसावी, असा त्यांचा कटाक्ष होता. आणि ते पान बैठकीत वाचायच्या आधी महिनाभर ते दारोदार हिंडले. ऑडिटच्या माणसाला विचारलं, मुदत संपत आलेली लस मोठ्या रुग्णालयात बदलून दिली तर तुमची हरकत आहे का? त्याची हरकत नव्हती, त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. केंद्रांतल्या डॉक्टरांना त्यांनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन लस द्यायला आणि रिअ‍ॅक्शन सांभाळायला शिकवलं. प्रत्यक्ष बैठकीत तर ते बोललेच नाहीत. जिल्हा परिषदेचे जळकोटकडचे एक सदस्य उठले आणि सरांचंच म्हणणं स्वतःचं म्हणून तावातावानं मांडलं. मी उठायला लागले. सर माझ्या कानाशी म्हणाले, "गप बसा मॅडम. आपला माल दुसऱ्यानं स्वतःचा म्हणून ओरडून विकला की समजायचं, बाजार आपला."

ठराव झाला. लस केंद्रांवर जाणार. देवळांच्या भिंतींवर अँब्युलन्सचा नंबर रंगवायचं काम माझ्याकडं आलं. पुजारीच फोन करणार, गाडी पाराशीच येणार. माझ्या नागाची हकालपट्टी झाली. त्या दिवशी सरांनी आख्ख्या ऑफिसला पेढे वाटले आणि मला म्हणाले, "आयुष्यात एक कागद तरी माणसापर्यंत पोचला."

पुढचा पावसाळा लागला. एके सकाळी त्या डोंगरातल्या गावात मीरा नावाच्या एका तरुण बाईला खुरपताना साप चावला.

सगळं पानावर लिहिल्याबरहुकूम झालं. पुजाऱ्यानं फोन केला. गाडी पाराशी आली. बाई शुद्धीत होती, हातातलं खुरपं सोडत नव्हती, तशीच केंद्रात आली. तोच तरुण डॉक्टर होता, आणि आता तो भीत नव्हता. बाह्या सारून तयार उभा होता. लसही होती. ती लोखंडी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली औषधं सांभाळणाऱ्या पांचाळांच्या खिशात होती. पांचाळ रजा टाकून भाचीच्या साखरपुड्याला मुखेडला गेले होते.

आता यात वाईट माणूस कोण, हे मी पुष्कळ शोधलं. मागं एकदा त्या केंद्रातून काही औषधं गहाळ झाली होती आणि पांचाळ वर्षभर खुलासे देत बेजार झाले होते. महागाची चीज आली की कपाटात आणि किल्ली अंगावर, ही आमच्या खात्याची रीतच. फोन लागला तेव्हा ते पंगतीतून उठले आणि मोटारसायकलवर निघाले. इकडं कपाट फोडायचं ठरलं. शिपाई म्हणाला, "सरकारी कपाट हाय, लेखी द्या." डॉक्टरनं लेखी दिलं. मग घण कुठं मिळतो ते शोधायला माणूस गावात गेला. तोवर मीराच्या पापण्या मिटायला लागल्या, श्वास जड झाला. डॉक्टरनं तोंडावर श्वासाचा फुगा दाबत तिला गाडीत घातलं आणि उदगीरचा रस्ता धरला. घाट उतरायच्या आत ती गेली. पांचाळ केंद्रात पोचले तेव्हा कपाट अर्धवट वाकलेलं होतं आणि बाकाखाली तिचं खुरपं पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी लातूरहून गेले होते. सर थेट कपाटाशी गेले, हँडल धरलं आणि ओढलं. उघडणार नव्हतंच ते. पुन्हा ओढलं. मीराचा सासरा दारात बसला होता, धोतराचा सोगा हातात धरून. तो रडत नव्हता, भांडतही नव्हता. खरोखरच समजून घ्यायचं असावं तसं त्यानं विचारलं, "साहेब, कुलूप कशापायी घातलं व्हतं? सापाचं औषीद कुणी चोरून खाणार व्हतं का?"

सर हँडल सोडून बाहेर पडले.

तिथून ते पांचाळांच्या घरी गेले. पांचाळ भिंतीकडं तोंड करून पडले होते. सर त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "पांचाळ, तुमचं चुकलं नाही. प्रश्न मी विचारायचा होता. दोन पावसाळे गावगाव विचारत फिरलो, रस्ता कुठला, गाडी कुणाची. लस आल्यावर ठेवणार कुठं, किल्ली कुणाकडं, एवढंच तेवढं विचारलं नाही. तळाचा दाणा बघितला नाही मी."

त्यानंतरचे सर वेगळे. कपाटं ओढायला लागले ते तेव्हापासून. न सांगता एखाद्या केंद्रात जायचे, कपाट ओढायचे, निघून यायचे. धर्माबादपासून निलंग्यापर्यंत त्यांनी एकही केंद्र सोडलं नसावं. मी एकदा म्हटलं, "सर, जिथं लस होती आणि कपाट उघडं मिळालं, तिथं माणसं वाचलीच ना?" ते म्हणाले, "वाचले ते मला कागदावर दिसतात. ती बाकावर दिसते. खुरपं मांडीवर घेऊन बसते. काही बोलत नाही, नुसती माझ्या हाताकडं बघते." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडी असलं ऐकायची मला सवय नव्हती.

त्यांनी नवं पान केलं. लस कुलपात ठेवायची नाही. डॉक्टरांच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवायची, पेटीला नुसता दोरा बांधून लाखेचं सील. सील तुटलं की तोडणाऱ्यानं नंतर सही करायची. एवढंच. पण एवढंच कुणी करेना. चोरी होईल, लेकरं हात लावतील, जबाबदारी कुणाची, असं प्रत्येकाचं काही ना काही. या वेळी दारोदार हिंडूनही माल खपत नव्हता. एका मृत्यूवरून सगळ्या जिल्ह्याचा नियम बदलायचा का, असं साहेब म्हणाले.

मग ती एप्रिलमधली लातूरची बैठक आली. लातूरचा उन्हाळा आणि लातूरचं पाणी, दोन्ही मी सांगायला नको. त्यातून वीज गेलेली, पंखे बंद. बैठकीची व्यवस्था माझ्याकडं होती. आदल्या दिवशी सरांनी मला एक काम सांगितलं होतं आणि मी ते मुकाट्यानं केलं होतं.

थोड्या वेळानं साहेबांनी कपाळ पुसलं. "अरे, पाणी कुठं आहे?"

"आहे ना साहेब," सर म्हणाले. "गार आहे. त्या कपाटात आहे."

शिपायानं कपाट ओढलं. कुलूप होतं. "किल्ली कुणाकडं हाय?" त्यानं विचारलं.

"किल्लीवाला मुखेडला गेलाय," सर म्हणाले. "साखरपुडा आहे. निघालाय म्हणे तिकडून. येईल."

आधी लोक हसले. मग हसू आटलं. कुणीतरी म्हणालं, बाहेरून मागवा. दोघंतिघं उठून हँडल खेचून आले. एक वयस्क अधिकारी खरंच कासावीस झाले, तेव्हा साहेब ओरडले, "फोडा ते कुलूप! काय चेष्टा लावलीय?"

"फोडतो की," सर म्हणाले. "लेखी द्या."

मीराची गोष्ट तिथं सगळ्यांना ठाऊक होती. सरांनी खिशातून ते एक पान काढलं आणि उभं राहून वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, मी उठून कपाट उघडलं. साहेबांनी पाणी प्यायच्या आधी सही केली.

पेट्या आल्या. आजही त्या भागातल्या केंद्रांत काचेतून दिसतात, दोऱ्याचं सील असलेल्या. डोंगरातल्या त्या केंद्रात तर सील इतक्यांदा तुटलंय की लाखेचा थर जाडजूड झालाय. मी हे सरांना मोठ्या उत्साहानं सांगायचे. ते मान हलवायचे आणि विचारायचे, "ओढून बघितलं का तुम्ही?"

निवृत्त झाल्यावर ते नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला राहायला गेले. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, बोलणं तुटक झालं, माणसं ओळखू येईनात. मी भेटायला गेले ती दुपार होती. फाटकाला कडी नव्हती. दाराला कुलपाची जागा होती, तिथं नुसतं भोक होतं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणाल्या, "घरातली सगळी कुलपं काढून टाकली बघा. एखादं दिसलं की दिवसभर अन्नाला शिवत न्हाईत. शेजारचे म्हणतात चोर येतील. येऊ द्या, म्हटलं."

सर खाटेवर होते. उशाशी लहानसं कपाट ठेवलेलं, कमरेएवढं. चांगला हात त्याच्या हँडलवर होता. ते ओढत होते. दार उघडत होतं, ते लोटत होते, पुन्हा ओढत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण नजर माझ्यामागच्या दाराशी होती.

"उघडंय," ते म्हणाले. जीभ जड, पण शब्द कळत होते. "उघडंय. आत घ्या तिला."

काकू उठल्या. बाहेरच्या दाराशी गेल्या, दार पूर्ण उघडलं आणि पदर सावरून बाजूला झाल्या, आल्यागेल्याला वाट देतात तशा. बाहेर नुसतं ऊन होतं. थोडं थांबून त्यांनी दार लोटलं आणि खाटेशी येऊन बसल्या.

"आली हो," त्या म्हणाल्या. "निजवलं तिला."

"लस?"

"दिली."

"खुरपं?"

"ठेवलं बाजूला. डोळे उघडलेत तिनं. पाणी मागून राहिली."

सरांचा हात हँडलवरून गळून चादरीवर आला. चेहरा इतका निवळला, की क्षणभर मला पोस्टरपुढं मान वाकडी करून उभा असलेला तो जुना माणूस दिसला. मी काकूंकडं बघितलं. "रोज?" मी विचारलं.

"दिवसातनं कितीदा तरी," त्या म्हणाल्या. "माझं काय जातंय? तेवढ्यापुरती वाचती बिचारी."

मी निघाले. फाटकापाशी पोचले तेव्हा आतून पुन्हा कपाटाच्या दाराचा आवाज आला, आणि त्यामागोमाग काकूंची दाराकडं येणारी पावलं. मी फाटक उघडंच ठेवून बाजूला झाले.